झडतीचे उत्तर

पोळ्याच्या दिवशी चांदूर रेल्वेच्या आसपासच्या गावांत तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या म्हणजे झडत्यांना तोंड फुटते. एकाने चार चरण म्हणावयाचे, जमावाने गजर करावयाचा आणि समोरच्याने तोडीस तोड झडती टाकावयाची. सावकार, पुढारी, कापसाचा भाव, कोणाचीही गय होत नाही. हीच झडती विद्यापीठीय चर्चासत्रातील निबंधात शिरते तेव्हा तिचे काय होते, हा आमचा प्रश्न आहे.

होते ते असे. चार चरण अवतरणचिन्हांत बसतात, खाली 'कृषिसंस्कृतीचे मनोज्ञ दर्शन' असे एक वाक्य येते, आणि निबंधकार पुढील उदाहरणाकडे वळतात. समोरच्याने काय उत्तर दिले, लोक कोठे हसले, कोण चिडले, हे सारे गळून पडते. म्हणणाऱ्याचे नाव तर नसतेच. नुसते 'चांदूर' लिहिले तरी चांदूर रेल्वे की चांदूर बाजार हे कळावयाचे नाही; पुष्कळदा तेवढेही नसते, 'वऱ्हाडातील एक लोकगीत' एवढ्यावर भागते.

विद्यापीठांनी लोकसाहित्य अभ्यासक्रमात घेतले, हे उपकारच होत. दुर्गाबाई भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेषा' या ग्रंथाने १९५६ साली मराठीत या विद्येचा पाया घातला नसता, तर वऱ्हाडी बोली परिषदेच्या व्यासपीठावर चढली असती की नाही, याची शंकाच आहे. परंतु अ‍ॅलन डंडेस या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ सालीच बजावले होते की केवळ शब्दपाठ पुरेसा नाही. त्याचा पोत आणि प्रसंगही टिपला पाहिजे. आमच्याकडे हे वचन प्रास्ताविकात आदराने येते आणि दुसऱ्या पानावर विसरले जाते.

अमरावतीच्या विद्यापीठास तर हा विसर मुळीच शोभणारा नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठास पुढे ज्यांचे नाव देण्यात आले, त्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे सवालजबाबच. बाबा विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राही. १९५६ साली वांद्रे येथे झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ज्यांनी ऐकले आहे, त्यांस छापील कीर्तनात काय हरवते ते सांगावयास नको. श्रोत्यांचा होकार काढून टाका. उरतो तो निव्वळ उपदेश. तोही चांगलाच, पण बाबांचा नव्हे.

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर आम्ही हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी पॉइटवाँ यांच्याकडे बोट दाखवू. या दोघांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांनी ओवीपाशी गाणारीचे आणि तिच्या गावाचे नाव नोंदविले. ती बाई 'निवेदक' नव्हती, कर्ती होती. पॉइटवाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या. तरी त्या नोंदींच्या आधारे आजही त्या गाणारणींपर्यंत पोहोचता येते.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. पंधरा मिनिटांच्या निबंधवाचनातील पाच मिनिटे ध्वनिमुद्रणास द्यावीत. म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि साल त्याच्या अनुमतीने छापावे. आणि जमल्यास चांदूर रेल्वेहून एखाद्या झडतीकारास प्रवासखर्च देऊन सभागृहात पहिल्या रांगेत बसवावे. निबंधावर त्याने तेथेच झडती टाकली, तर तीही अहवालात यावी.