छापखाना कुणाचा?

बंगळुरूतून 1981 साली ‘दलित व्हॉइस’ नावाचं इंग्रजी पाक्षिक निघू लागलं. संपादक व्ही. टी. राजशेखर. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये पत्रकारिता केलेला हा माणूस जन्माने दलित नव्हता, किनारी कर्नाटकातल्या बंट समाजातला होता. पाक्षिकाच्या आदल्याच वर्षी याच शहरात पी. लंकेश यांनी जाहिरातींशिवाय चालणारं ‘लंकेश पत्रिके’ हे कन्नड साप्ताहिक सुरू केलं होतं. वाचकांच्या जिवावर पत्र चालवायचं, ही हिंमत त्या काळच्या बंगळुरूत होती. आज आंतरजालावर जे आंबेडकरी लेखन होतं, त्याचा विचार करताना मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते.

राजशेखर यांनी भारतातल्या अस्पृश्यांची सांगड थेट अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी घातली. त्यांचं ‘दलित : द ब्लॅक अनटचेबल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक 1987 साली अटलांटाहून निघालं आणि तिकडच्या कृष्णवर्णीय वाचकांपर्यंत पोचलं. मराठी वाचकाला ही सांगड नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली. 1972 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘दलित पँथर’चं तर नावच तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून आलं. या धाग्याचं टोक बंगळुरूच्या एका माणसाने उचललं आणि तीस वर्षं सोडलं नाही.

पण त्या पाक्षिकाचं कौतुक करताना त्याचा दोष झाकता येणार नाही. ‘दलित व्हॉइस’मध्ये ज्यूंविरुद्धच्या कटकथा छापल्या गेल्या, अगदी खोटं ठरलेलं साहित्यही खरं म्हणून मांडलं गेलं. ज्या पत्राने माणसाला जन्मावरून हिणवण्याविरुद्ध आयुष्य वेचलं, त्यानेच दुसऱ्या एका जमातीला जन्मावरून दोषी ठरवावं, हे वाचताना मन खट्टू होतं. एकहाती पत्राचा हा धोका असतो. संपादकाला अडवणारं घरात कुणी नसतं. आजच्या एकहाती वाहिन्या आणि लोकप्रिय खाती बघताना मला हे फार आठवतं. टाळ्या वाजवणारे लाखभर, पण ‘हे वाक्य काढ’ असं हक्काने सांगणारा एकही नाही.

छापील अंकाकडून पडद्याकडे वाट वळली ती एका हत्याकांडामुळे, असं माझं मत आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आलं. मोठ्या वर्तमानपत्रांना या बातमीचं गांभीर्य कळायला जवळजवळ महिना लागला. तोवर ती फिरली कार्यकर्त्यांच्या पायांनी, सत्यशोधन अहवालांतून आणि ईमेलमधून. आपली बातमी आपणच सांगायची आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्या महिन्याने अनेकांना शिकवलं. पुढच्या काही वर्षांत ‘राउंड टेबल इंडिया’ हे संकेतस्थळ उभं राहिलं. इंग्रजीतल्या त्याच्या लांबलचक, संयमी लेखांना मी या लेखनप्रकाराचा मापदंड मानतो. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. ‘दलित कॅमेरा’ या वाहिनीने साध्या कॅमेऱ्यावर माणसांना न तोडता बोलू दिलं. 2015 मध्ये काही दलित स्त्रियांनी पुढाकार घेऊन एप्रिल हा ‘दलित इतिहास महिना’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली. कल्पना अमेरिकेतल्या काळ्यांच्या इतिहास महिन्याची, पण महिना बाबासाहेबांच्या जयंतीचा.

जानेवारी 2016 मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या पत्रकार याशिका दत्त यांनी आपण दलित असल्याचं जाहीर केलं आणि तसे अनुभव असलेल्यांना लिहायला बोलावलं. अनेकांनी लिहिलं. बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या, आडनावावरून प्रश्न विचारला की विषय बदलणाऱ्या आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या मुलामुलींना त्या लेखनाचा काय आधार वाटला असेल, हे मी समजू शकतो. आंतरजालावरच्या या लेखनाचं मर्म मला तिथेच दिसतं: वाचणाऱ्याच्या हातात लेखणी देणं. अमेरिकेत 2013 साली तीन काळ्या स्त्रियांनी ‘काळ्यांचे जीव मोलाचे आहेत’ अशा अर्थाची हाक दिली, ती पसरली तीही अशीच. जो वाचत होता तो स्वतःचं काही जोडत गेला.

आज मात्र हे मर्म सुटत चाललंय. एक अत्याचार होतो, चार दिवस संतापाचा पूर येतो, पाचव्या दिवशी दुसरी घटना. संताप रास्तच आहे. पण खटल्याचं पुढे काय झालं, साक्षीदार का फिरले, पुनर्वसनाची जमीन मिळाली का, हे लिहिणारे मोजकेच. दुसरी उणीव भाषेची. देशभराची चर्चा इंग्रजीत चालते आणि शंभर वर्षांचं मराठी आंबेडकरी वाङ्मय तिच्यात फार थोडं उतरतं. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात, कुणीतरी मोबाइलवर टिपतं आणि तो आवाज घराघरांत जातो. आंबेडकरी जलशाची सगळी परंपरा त्या गळ्यात आहे. पण त्या गाण्यावर, त्या चालींवर, त्या शब्दांवर नीट समीक्षा कुणी केली? बघितलेल्यांचा आकडा समीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न जागेच्या मालकीचा. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी काढला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पुढे बाबासाहेबांनी मुंबईत स्वतःचा छापखाना उभा केला, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द किती दिवस टिकेल याची त्यांना खात्री नव्हती. आजचं लेखन परक्या कंपन्यांच्या जागेत चालतं. खातं कधी बंद होईल, का बंद झालं, कुणी सांगत नाही. खाती आणि मजकूर रोखण्याच्या सरकारी आदेशांविरुद्ध ट्विटर कंपनी 2022 मध्ये बंगळुरूतच, कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. 30 जून 2023 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळून 50 लाख रुपयांचा दंड ठोठावला. वाद होता सरकार आणि कंपनी यांच्यातला. ज्यांचे शब्द झाकले गेले, ती लिहिणारी माणसं या वादाच्या कडेलाच राहिली.

मालकीइतकाच प्रश्न जतनाचाही आहे. 2011 साली, संपादकाचं वय आणि प्रकृती यांमुळे, ‘दलित व्हॉइस’ थांबलं. राजशेखर नोव्हेंबर 2024 मध्ये गेले. पाक्षिकाचं संकेतस्थळही 2011 मध्येच बंद पडलं होतं. उलट ‘मूकनायक’ आणि बाबासाहेबांच्याच ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये पुन्हा छापले, म्हणून 1920 चा अग्रलेख आज हातात धरून वाचता येतो. खैरलांजीच्या त्या महिन्यात रात्र रात्र जागून लिहिलेले ईमेल कुणी जपून ठेवले असतील, तर ते आत्ताच कागदावर उतरवायला हवेत.