विश्वाला जांभळा रंग कुणी दिला?

दीर्घिका कशा घडल्या हे दाखवणारी कुठलीही फिल्म लावा. काळ्या पडद्यावर जांभळे धागे, गाठीगाठींत पिवळट उजेड आणि त्यातून सुसाट निघालेला कॅमेरा. हा थाट रूढ केला २००५ सालच्या 'मिलेनियम' सिम्युलेशनने. जर्मनीत गार्शिंगच्या महासंगणकावर फोल्कर श्प्रिंगेल आणि सहकाऱ्यांनी दहा अब्ज कणांचं गुरुत्वाकर्षण सुमारे महिनाभर चालवून पाहिलं. पण ते जांभळे धागे कृष्णद्रव्याचे, आणि कृष्णद्रव्याला ना रंग ना उजेड. रंग कुणीतरी निवडला, झकास निवडला. प्रेक्षक मात्र घरी जातो तो विश्वाचा फोटो पाहिल्याच्या समजुतीत. माझी तक्रार इथून सुरू होते.

स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांच्याजवळ १९४१ साली संगणक नव्हता. एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन दीर्घिकांसाठी त्यांनी प्रत्येकी ३७ विजेचे दिवे मांडले. अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड पावपट उरतो, गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. म्हणून एका दिव्याच्या जागी प्रकाशघट ठेवायचा, आजूबाजूच्या दिव्यांचा उजेड मोजायचा, तेवढी ओढ धरायची, दिवे त्या हिशेबाने सरकवायचे आणि पुन्हा मोजायचं. शाळकरी मुलालाही यातली मेख पाच मिनिटांत कळते. आजच्या झगमगाटात नेमकी ती मेख दिसेनाशी झाली आहे.

कारण आता मामला गुंतागुंतीचा आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पेटीत एकेका ताऱ्याचं गणित मांडणं महासंगणकालाही झेपत नाही. तेव्हा ताऱ्यांचे स्फोट, कृष्णविवरांची फुंकर या गोष्टी ठोकताळ्यांनी घालाव्या लागतात. २०१४ च्या 'इलस्ट्रिस' सिम्युलेशनमध्ये कृष्णविवरांचा जोर इतका झाला की दीर्घिकांच्या समूहांतला वायू प्रमाणाबाहेर उधळला गेला. चमूने ते स्वतःच लिहून ठेवलं आणि पुढच्या 'इलस्ट्रिस टीएनजी'त ठोकताळा बदलला. 'ईगल' या दुसऱ्या सिम्युलेशनवाल्यांनीही आपले आकडे प्रत्यक्ष दीर्घिकांच्या वस्तुमानांशी आणि आकारांशी जुळवून घेतल्याचं उघड सांगितलं. यात लबाडी काही नाही. आमटीही चव घेत घेतच जमते. पण शोधनिबंधातला हा प्रामाणिकपणा फिल्मपर्यंत पोचत नाही. तिथे निवेदक म्हणतो, पाहा, अगदी खऱ्यासारखी दीर्घिका! अहो, जे जुळवूनच घेतलं ते जुळलं याचं कौतुक कशाला? न जुळवता जे जुळलं ते दाखवा. आणि बिघडलेली विश्वंही दाखवा: तेच सिम्युलेशन स्फोटांशिवाय, कृष्णविवरांशिवाय, शेजारी शेजारी. असे प्रयोग होतात. बहुतेक आलेखांतच राहतात.

सिम्युलेशन लोकांना दाखवण्याच्या कलेतलं मला सर्वांत आवडलेलं काम दिसायला अगदी साधं आहे. सामान्य लोकांकडून दीर्घिका तपासून घेणाऱ्या 'गॅलेक्सी झू'च्या एका उपक्रमात त्यांच्यासमोर टकरीत सापडलेल्या दोन दीर्घिकांचा खरा फोटो ठेवला जाई आणि त्याभोवती संगणकाने काढलेल्या ठिपक्यांच्या आकृत्या. यातली कोणती फोटोसारखी दिसते? निवडा. दीर्घिकेचं शेपूट लांब हवं, दोघींमधला पूल बारीक हवा, तर आकडे बदलून पाहा. मागचं गणित तुमरे बंधूंनी १९७२ साली दीर्घिकांच्या टकरींसाठी वापरलेल्या धाटणीचं, म्हणजे हलकंफुलकं. तीस लाखांहून जास्त आकृत्या नजरेखालून गेल्या आणि ६२ जोड्यांच्या टकरींचा मार्ग जुळवता आला. नव्याण्णव आकृत्या नाकारून शंभरावी उचलणाऱ्या माणसाला सिम्युलेशन म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही. जांभळ्या फिल्मा हजार पाहूनही ते होत नाही.

टीएनजीचा विदा नाव नोंदवणाऱ्या कुणालाही फुकट मिळतो. सगळा मिळून पेटाबाइटच्या घरात जातो. पण तो उतरवून घ्यायची गरज नाही, टीएनजीच्या चमूच्याच संगणकावर तपासता येतो. हे वाचणाऱ्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती: त्यातली एकच दीर्घिका घ्या, तिचा वायू, तारे आणि कृष्णद्रव्य वेगवेगळं काढा, आणि रंग वर्गातल्या मुलांना ठरवू द्या.