दोन चेंडूंमधलं वानखेडे

चर्चगेट लोकलने मरीन लाइन्स सोडलं की उजवीकडच्या दारातल्या माना आपोआप वळतात. प्रकाशझोतांचे मनोरे दिसतात, स्टँडची पाठ दिसते आणि बोरिवलीपासून उभं राहून आलेल्या माणसाच्या पायात पुन्हा बळ येतं. लहानपणी बाबांचं बोट धरून मी याच दारात उभी असायचे. पिशवीत पोळी-भाजीचा डबा आणि बाबांचा ट्रान्झिस्टर.

कवितेचं करतो तसं मैदानाचंही रसग्रहण करता येतं. वृत्तात शब्दांइतकाच यती महत्त्वाचा, कारण कुठे थांबायचं हे कळल्याशिवाय ओळ म्हणता येत नाही. क्रिकेटही तसंच. चेंडू खेळला जातो तो काही क्षण, उरलेला वेळ थांबण्याचा. गोलंदाज रन-अपच्या टोकाकडे चालत जातो, फलंदाज गार्ड घेतो, स्लिपमधला एक जण अर्धं पाऊल सरकतो. वानखेडेचा यती त्याचा स्वतःचा होता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ. खारा वारा सुटला की बाबा पुटपुटायचे, “आता बघ, स्विंग होणार.” नॉर्थ स्टँडमध्ये दाटीवाटीने बसलेल्या अनोळखी माणसांनाही नेमकं तेच वाटत असायचं. एक कुजबूज उठायची आणि गोलंदाज धावायला लागला की विरायची. मधेच लोकलचा भोंगा.

तो थांबा किती खोल असू शकतो, हे मला १९९१च्या मे महिन्यात कळलं. रणजीची अंतिम लढत, समोर कपिल देवचा हरियाणा. मुंबईला हव्या होत्या ३५५. सचिन ९६वर गेला, तरी दिलीप वेंगसरकर उभा होता. शेवटची जोडी एकेक धाव जोडत विजयाच्या उंबरठ्याशी आली. आता दोन चेंडूंमध्ये कुणी बोलेना. बाबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. मग अ‍ॅबी कुरुविला धावचीत झाला. ३५२. वेंगसरकर नाबाद १३९ आणि डोळ्यांत पाणी. हरल्यावर लोक ओरडतात असं मला वाटायचं. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. परतीच्या गाडीत अंधेरी गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “दोन रन.”

हे मैदान मुळात प्रेक्षकांच्या जागेवरून जन्माला आलं. ब्रेबर्न स्टेडियमवरच्या तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेत बिनसलं, आणि शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम उभं केलं. वास्तुरचनाकार शशी प्रभू. जानेवारी १९७५च्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. २०११च्या विश्वचषकासाठी जुने नॉर्थ आणि साउथ स्टँड पाडून नवे बांधले. डोक्यावर छत आलं, प्रत्येकाला वेगळी खुर्ची मिळाली, जिने सुटसुटीत झाले, आणि आम्हा बायकांना दिवसभर पाणी न पिता बसण्याची गरज उरली नाही. यातलं काहीही मी परत देणार नाही.

पण आसनं घटून सुमारे ३३ हजारांवर आली, आणि त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची जेमतेम चार हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी निघाली. तिकिटांच्या भांडणातून उभ्या राहिलेल्या मैदानाने हे करावं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

त्याहून मोठं दुःख आवाजाचं. आता षटक संपायचा अवकाश, लाउडस्पीकर सुरू. टाळ्या कधी वाजवायच्या, कुणाचं नाव घ्यायचं, हे निवेदक सांगतो. “सचिन… सचिन” हा घोष कुणी शिकवला होता? इथल्या माणसांना आपला ठेका आपण धरता येत होता. लॉर्ड्सवर किती नवी बांधकामं झाली, पण मैदानाचा आठ फुटांचा उतार त्यांनी सपाट केला नाही. आमचा उतार म्हणजे दोन चेंडूंमधली शांतता, आणि ती नकाशावर दिसत नाही म्हणून बुजवली गेली.

भिंतींचा दोष नाही, हेही मी पाहिलंय. नोव्हेंबर २०१३, सचिनची शेवटची कसोटी. ७४वर देवनारायणच्या चेंडूवर सॅमीने स्लिपमध्ये झेल घेतला, आणि याच नव्या छताखाली सगळा आवाज एकदम तुटला. मग एकेक जण उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या त्या कुणी न सांगता.

मार्च २०२४मध्ये रणजीच्या अंतिम सामन्याला गेले, पाचव्या दिवशी. बाबा आता नाहीत. विदर्भाला ५३८चं अशक्य लक्ष्य, तरी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उपाहारापर्यंत हलले नाहीत. दोन चेंडूंमध्ये कुणी काही वाजवत नव्हतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा नातवाला क्षेत्ररचना समजावून सांगत होते. धवल कुलकर्णी मागे चालत गेला, वळला. आजोबा गप्प झाले. पलीकडून चर्चगेटला शिरणाऱ्या गाडीचा भोंगा स्पष्ट ऐकू आला.