रोमांच आहेत, रोम नाहीत

मराठी कथेतील नायिकेच्या अंगावर रोमांच उभे राहतात. प्रियकराचा हात लागला की राहतात, पहिला पाऊस पडला की राहतात, दंगलीच्या रात्री दारावर थाप पडली तरी राहतात. रोमांच म्हणजे अंगावरचे केस उभे राहणे. पण त्याच कथेत दोन पानांपूर्वी तिचे हात ‘नितळ’ आणि ‘संगमरवरी’ असतात, पाय केळीच्या गाभ्यासारखे असतात. मग उभे काय राहिले, हा प्रश्न लेखकाला पडत नाही, आणि खरे सांगायचे तर वाचकालाही पडत नाही.

आमच्या मुस्लिम मराठी कथेकडे आम्ही या बारीक फटीतून पाहू इच्छितो. तलाक, बुरखा, दंगल, हुंडा यांवर आमच्या लेखकांनी धिटाईने लिहिले आहे. बाईचे शरीर मात्र त्यांनी आयते घेतले. ते पार्लरमधून बाहेर पडल्यानंतरचे शरीर आहे.

पार्लरच्या आत काय चालते ते जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही मोहल्ल्यातील मुलीला माहीत आहे. रिश्ता घेऊन आलेल्या बायका चहाचा कप घेताना आधी तिच्या हाताकडे पाहतात, मग वरच्या ओठाकडे. तोंडाने ‘माशाअल्लाह’ म्हणतात. त्याआधी चार दिवस दोऱ्याचे टोक दातात धरून बसलेली शेजारची बाजी, गरम मेण, कापडी पट्ट्या आणि ‘एवढेही सोसवत नाही का?’ म्हणणारी अम्मी, हे सारे घरात होऊन गेलेले असते. हनुवटीवर राठ केस येणाऱ्या मुलीला पीसीओएससारखा संप्रेरकांचा विकार असू शकतो. पण तिला डॉक्टरकडे नेण्याआधी दोरेवालीकडे नेले जाते. खानदेशातल्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालणारी मुलगी पर्द्यासाठीच तो घालते असे आमचे कथाकार गृहीत धरतात. ती हातावरचे केस झाकत असेल, असे सुचलेली एकही कथा आमच्या वाचनात नाही.

हे वयात येण्यापासूनही सुरू होत नाही. तान्ह्या मुलीला न्हाऊ घालताना तेल-सायीत मळलेला कणकेचा गोळा कपाळावर, पाठीवर फिरवायचा म्हणजे लव निघते, असे हिंदू घरातली आजी मानते आणि मुस्लिम घरातली नानीही मानते. धार्मिक सौहार्दाचे हे उदाहरण परिसंवादात कोणी देत नाही.

नितळपणा ही काही सनातन रसिकता नव्हे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीच्या नाभीकडे उतरणारी केसांची बारीक रेषा मोठ्या आवडीने वर्णितो. संस्कृत काव्यात ही रोमराजी सौंदर्याची खूण होती. कॅलेंडरातल्या पार्वतीला ती उरलेली नाही. फारसी-उर्दू गझलेत माशुकाच्या गालावरची कोवळी लव, म्हणजे ‘ख़त’, हा ठरलेला विषय (तो माशूक बहुधा मुलगा असे, हेही सांगून टाकलेले बरे). मराठी गझलेने तिथून जुल्फ उचलली, ख़त तिथेच ठेवला. एकोणिसाव्या शतकातील कजार इराणमध्ये तर बाईच्या ओठावरची पुसट मिशी सुंदर मानली जाई आणि चित्रकार ती काढत. अफसाने नजमाबादी यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. उलट अमेरिकेत जिलेट कंपनीने बायकांसाठी खास रेझर बाजारात आणला तो 1915 साली. बाही आखूड झाली तसा नितळपणाचा बाजार वाढला.

पण सगळे खापर बाजारावर फोडून आम्हाला मोकळे होता येत नाही. सबाच्या राणीचा किस्सा पाहा. कुरआनात, सूरह नम्लमध्ये, एवढेच आहे की सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या महालातील काचेची फरशी तिला पाणी वाटली, तिने पिंडऱ्यांवरचे वस्त्र वर घेतले, ती काच असल्याचे तिला सांगण्यात आले, आणि तिने ईमान आणले. केसांचा शब्द नाही. नंतरच्या किस्सेकारांनी, सालबींसारख्यांनी, त्यात भर घातली. बिल्किसचे पाय केसाळ आहेत अशी जिन्नांनी चुगली केली, ते पाहता यावेत म्हणूनच काचेची फरशी घातली गेली, आणि पुढे तिच्यासाठी चुन्याचा केस काढणारा लेप, नूरा, तयार झाला. मूळ प्रसंगात ही बाई तख्तावर बसते, दरबाराचा सल्ला घेते, युद्ध टाळते. किस्सेकाराची नजर मात्र तिच्या पिंडरीवर खिळते. रिश्ता पाहायला आलेल्या मंडळींतलाच हा कोणी असावा.

शरीअतीचे म्हणाल तर काख आणि नाभीखालचे केस काढणे हे फितरतीच्या गोष्टींत येते, आणि त्याची चाळीस दिवसांची मर्यादा पुरुषांनाही लागू आहे. तिथे हात-पायांचा उल्लेख नाही. भुवया कोरण्यावर तर इब्न मसऊद यांच्या हदीसमध्ये लानत आहे. बाईला दाढी-मिशी आली तर ती काढावी असे इमाम नववी म्हणतात, तबरी तेही मान्य करत नाहीत. उलेमांत एवढा मतभेद असताना घरात मात्र एकमत आहे, आणि ते एकमत लग्नाच्या बाजारात तयार झालेले आहे. जी भुवयांबद्दल बोलणी खाते, तिनेच हात गुळगुळीत ठेवायचे.

केसांचा हा लग्नाशी बांधलेला हिशेब मराठी साहित्याला नवा नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये विधवा यमूचे केशवपन होते. नवरा आहे तोवर डोक्यावरचे राखायचे, तो गेला की तेच उतरवायचे. हरिभाऊंनी वस्तऱ्याला कथेत जागा दिली, म्हणून वाचक हादरला. आमच्या कथेत दोरा आणि मेण यांना अजून जागा नाही. वस्तऱ्याची जबरदस्ती आणि मेणाची सक्ती सारखी आहे, असे आम्ही म्हणत नाही. मेणाला मुलीची संमती असते, निदान तसे दिसते. ती संमती कशी घडते हे उलगडणे हे तर कथेचेच काम.

जळगावपुरते बोलायचे तर नितळ शब्दांना बळी न पडलेली एक बाई इथेच होऊन गेली. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई (1880-1951) ऐन तिशीत विधवा झाल्या, शेतात आणि जात्यावर राबल्या. त्यांच्या गाण्यांत बाईचे हात येतात ते भाकरी थापणारे, दळणारे. ते गोरे की नितळ, याची चौकशी त्या करत नाहीत. पण बहिणाबाईंचे नाव घेणारे खानदेशी कथाकार नायिकेचे वर्णन करायला बसले की टूथपेस्टच्या जाहिरातीकडे वळतात.

आमच्या लेखिकांनी इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ (1942) पुन्हा उघडावी, आणि या वेळी रजईसाठी नव्हे. तीत बेगम जानच्या रूपावर भाळलेली लहान मुलगी त्याच दमात सांगते की तिच्या वरच्या ओठावर हलकी मिशी होती, आणि कधी कधी तो चेहरा कोवळ्या मुलासारखा वाटे. रूप आणि मिशी शेजारी शेजारी आहेत, आणि मध्ये ‘पण’ घालण्याची गरज चुगताईंना वाटलेली नाही. लाहोरच्या कोर्टात खटला चालला तेव्हा कज्जा रजईखाली काय घडते याचाच झाला. ओठावरच्या त्या केसांवर कोणी बोट ठेवले नाही.