गोंदण : कौतुकाचे आणि लाजेचे

परदेशातल्या मंडळाच्या कार्यक्रमात लोकनृत्य असले की पडद्यामागे एक काम ठरलेले असते. कुणाची तरी आई हिरवे स्केचपेन घेऊन बसते आणि दहा-बारा मुलींच्या हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर चांदणी आणि हातावर तुळस काढून देते. नऊवारी झाली, नथ झाली, त्यावर हे गोंदण झाले की वेश पुरा होतो. सिंगापुरातल्या एका सभागृहात असा नाच पाहिला, तेव्हा निवेदन करणाऱ्या बाईंनी ‘आपल्या आज्यांचं हिरवं लेणं’ असा त्याचा गौरव केला आणि आम्ही सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

नंतर जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एका परिचितांची मुलगी उभी होती. वय पंचविशीच्या आसपास, इथेच वाढलेली, चांगल्या नोकरीतली. ताट घेताना तिची बाही सरकली आणि मनगटाच्या वर गोंदलेली एक छोटी वेल दिसली. मागे उभ्या असलेल्या तिच्या आईने बोलता बोलता ती बाही खाली ओढली. मी काय करावे? मी विचारले, ‘‘पुसता येतं का गं हे?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘पुसायचं नाहीये, काका.’’ आणि पुढे सरकली.

घरी येताना हा प्रसंग डोक्यातून जाईना. अर्ध्या तासापूर्वी ज्या गोष्टीला टाळ्या दिल्या तीच गोष्ट मनगटावर दिसताच मला पुसावीशी वाटली. आजीची तुळस ही संस्कृती आणि नातीची वेल हे थेर, असा निवाडा आपण कशाच्या आधारावर करतो? चित्रात तर फारसा फरक नसतो. मग फरक कुठे आहे, हे जरा तपासून पाहावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘गोंदण’ हा मराठीत अतिशय लाडका शब्द आहे. आठवण मनावर गोंदलेली असते, बालपण काळजावर गोंदलेले असते. शांता शेळके यांनी 1975 साली आपल्या एका कवितासंग्रहाला ‘गोंदण’ हेच नाव दिले. कायमचे, आतले, आपले, असे सगळे त्या एका शब्दात येते. पण लाडक्या शब्दांचे जे होते ते याचेही झाले. उपमेत वापरून वापरून त्यातली सुई बोथट झाली. आपण गोंदण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे ठिपके येतात. ते टोचताना झालेली रडारड येत नाही.

माझ्या आजीच्या हातावर तुळस होती आणि कपाळावर ठिपका. ती सहा-सात वर्षांची असताना गावच्या जत्रेत गोंदणारीण बसली होती. दोन आत्यांनी तिला धरून ठेवले आणि तिसरी खाऊचे आमिष दाखवत राहिली. ‘‘तुला विचारलं होतं का?’’ असे मी एकदा विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, ‘‘विचारतं कोण?’’ त्या हसण्यात तक्रार नव्हती, पण त्याला कौतुक म्हणणेही खोटे ठरेल. दिव्याची काजळी, तीत कुठे पाल्याचा रस, कुठे बाळंतिणीचे दूध, दोन-चार सुया एकत्र बांधलेल्या, आणि वर हळद-तेल. काही दिवस हात सुजलेला, मग खपली, आणि खपली पडली की हिरवट रेघ. रंग खरे तर काळाच असतो. कातडीच्या थराखालून पाहिल्यामुळे काजळी निळसर-हिरवी दिसते, एवढेच.

यामागची श्रद्धा आपल्याला ठाऊक आहे. सोने-नाणे इथेच राहते, मेल्यावर बाईबरोबर जाते ते गोंदण. चोर नेत नाही, सासू काढून घेत नाही, विधवा झाल्यावर उतरवावे लागत नाही. ज्या बाईच्या नावावर काहीच नव्हते तिची ही एकमेव मालमत्ता होती, असे आपण भाषणांतून सांगतो आणि ते खरेही आहे. पण ही मालमत्ता निवडण्याचा हक्क तिला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. कपाळावरच्या, हनुवटीवरच्या खुणांवरून बाई कुठल्या जमातीची, कुठल्या मुलखातली हे लोक ओळखत. दागिना आणि ओळखपत्र दोन्ही एकाच सुईने काढलेले असे. ‘हिरवं लेणं’ म्हणताना आपण यातला पहिला अर्धा ठेवतो आणि दुसरा सोडून देतो.

तो दुसरा अर्धा पाहायचा तर सिंगापूर सोडून कुठे जायला नको. या बेटावर आपला हा शब्द आपल्या कितीतरी आधी येऊन पोचला होता आणि तो दागिना म्हणून आला नव्हता. 1825 साली बेंकुलनहून हिंदी कैद्यांची पहिली तुकडी सिंगापुरात उतरली. आदल्या वर्षीच्या इंग्रज-डच तहाने बेंकुलन डचांकडे गेले होते, म्हणून कंपनी सरकारने तिथले कैदी इकडे हलवले. पुढे 1873 पर्यंत, उरलेल्यांना अंदमानला पाठवीपर्यंत, हिंदुस्थानातले हजारो कैदी इथे राबले. त्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचे नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख टोचण्याचा कायदा होता. बंगालमध्ये तो 1797 चा. त्याचे सरकारी दप्तरातले नाव काय? ‘गोदना’. साहेबाने नवा शब्द शोधला नाही. बायकांच्या हातावरच्या तुळशीचाच शब्द उचलून कपाळावरच्या गुन्ह्याला दिला. ही प्रथा 1849 साली बंद झाली, पण ज्यांच्या कपाळावर अक्षरे होती त्यांची अक्षरे कोण काढणार? फेटा भुवयांपर्यंत ओढला तरच झाकेल, अशी ती जागा.

क्लेअर अँडरसन या इतिहासकार बाईंनी 2004 साली ‘लेजिबल बॉडीज’ या पुस्तकात या खुणांचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. पुस्तकाचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे : वाचता येतील अशी शरीरे. कैद्याने काही सांगायचे नाही. त्याला पाहणाऱ्याने वाचायचे. मराठी वाचकाने हे पुस्तक मिळवून वाचावे, कारण ‘गोंदण’ या शब्दाभोवती आपण जी मऊ दुलई गुंडाळली आहे ती त्याने उसवते. सिटी हॉल स्टेशनबाहेर पडले की समोर सेंट अँड्रूज कथीड्रलची पांढरी शुभ्र इमारत दिसते. 1856 ते 1861 या काळात ती हिंदी कैद्यांच्या हातांनी उभी राहिली. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचा तो प्रसिद्ध गिलावा त्यांनीच घोटला. पाहुण्यांना ती दाखवताना आपण गिलाव्याची गोष्ट हमखास सांगतो. कैद्यांच्या कपाळांची सांगत नाही.

या बेटावर शरीरावरच्या खुणेचे आणखीही अर्थ होऊन गेले. चिनी गुप्त मंडळ्यांच्या टोळ्यांनी अंगावर खुणा गोंदवल्या, आणि पोलिसांनी त्या पुराव्यासारख्या वाचल्या. म्हणून इथल्या वयस्क चिनी गृहस्थाला दंडावरचा ड्रॅगन पाहून जे वाटते ते आपल्याला वाटते त्याहून निराळे असते. उलट तैपूसमच्या दिवशी सेरंगून रोडच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळापासून टँक रोडच्या देवळापर्यंत भक्त गालातून, जिभेतून, पाठीतून शूल टोचून चालतात आणि आपण कडेला हात जोडून उभे राहतो. तिथे कुणी ‘‘दुखत नाही का?’’ असे हटकत नाही. नवस आहे, एवढे पुरते. आणि शेजारच्या सारवाकमधला इबान तरुण पूर्वी घर सोडून दूर देशी निघे, त्याला ते ‘बेजलाई’ म्हणत, तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर वांग्याचे फूल गोंदले जाई. पुढे ज्या ज्या मुलखात तो जाई तिथली खूण अंगावर घेऊन येई. प्रवासाची वही त्याच्या कातडीवर असे. आपण पासपोर्टवरचे शिक्के नातवंडांना दाखवतो, त्यापेक्षा हे फार वेगळे आहे असे मला वाटत नाही.

म्हणजे खूण तीच आणि अर्थ चार. गुन्ह्याची, टोळीची, नवसाची, प्रवासाची. अर्थ बदलतो तो दोन गोष्टींनी : ती कुणी ठरवली आणि पाहणारा तिच्याशी कसा वागला. या कसोटीवर आजचा टॅटू लावून पाहू.

स्कॉट्स रोडच्या फार ईस्ट प्लाझामध्ये टॅटूची दुकाने बरीच वर्षे आहेत. अशा एखाद्या ठिकाणी चाललेले काम मुद्दाम उभे राहून पाहावे. हातमोजे, दर गिऱ्हाइकाला नवी सुई, आधी कागदावरचा छाप कातडीवर उमटवून आरशात दाखवणे, ‘‘इथेच हवं ना?’’ असे विचारणे. माझ्या आजीला जे कुणी विचारले नाही ते इथे दोन-तीनदा विचारले जाते. आणि खरी परीक्षा पुढेच असते. ताजा टॅटू म्हणजे जखम. वरची कातडी भरून यायला दोन-तीन आठवडे आणि आतून निवायला त्याहून अधिक काळ लागतो. तोवर हलक्या हाताने धुवायचे, बेताचे मलम लावायचे, ऊन टाळायचे, पोहायचे नाही, आणि खाज सुटली तरी खपली ओढायची नाही. सिंगापूरच्या घामट हवेत, इमारतीखाली निळाशार तलाव समोर दिसत असताना हा संयम पाळणे सोपे नाही. जी मुले कपडे घडी करत नाहीत ती हे पथ्य मन लावून पाळतात, हे आईबापांनी निदान नोंदवून ठेवावे. मात्र लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला तर हळद लावत बसू नये; सरळ डॉक्टर गाठावा.

गोंदण टिकते कसे, हेही मोठे विलक्षण आहे. रंग कातडीत निर्जीवपणे पडून राहतो असे आपण समजतो. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की शरीराच्या पहारेकरी पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. ती पेशी मेली की कण सुटतात आणि नवी पेशी ते पुन्हा उचलते. म्हणजे आजीची तुळस सत्तर वर्षे टिकली ती एकदा टोचल्यामुळे नव्हे. तिचे शरीर ती एका हातातून दुसऱ्या हातात देत राहिले म्हणून. परंपरा टिकते ती याहून वेगळ्या रीतीने टिकत असेल असे वाटत नाही.

टॅटू हौसेने करून घेणाऱ्यांत आपसांतली रीतही आहे. न विचारता दुसऱ्याच्या टॅटूला हात लावायचा नाही, ताज्याला तर मुळीच नाही. दुसऱ्यासाठी काढलेले खास चित्र उचलून आपल्या अंगावर घ्यायचे नाही. ‘‘याचा अर्थ काय?’’ हा प्रश्न पहिल्या भेटीत टाकायचा नाही, कारण उत्तर ‘‘माझा भाऊ गेला’’ असेही असू शकते. ‘‘पुसता येतं का?’’ हा प्रश्न तर कधीच नाही. जेवणाच्या रांगेत रीत मोडली ती मी.

याचा अर्थ नव्या पिढीला सर्व माफ, असे मुळीच नाही. तिच्यावरही टीका करायला हवी. हनुवटीवरचे तीन ठिपके ‘मूळ ओळख’ म्हणून हौसेने गोंदवून घेणाऱ्यांनी ते ठिपके कुणाच्या हनुवटीवर जबरीने आले होते हे जाणून घ्यावे. ज्या बाईला त्या खुणेमुळे शहरात हिणवले गेले, तिची खूण आपण दागिना म्हणून मिरवतो तेव्हा निदान तिची गोष्ट तरी माहीत असावी. पायाच्या घोट्यावर ओंकार काढून घेताना घरातल्या म्हाताऱ्यांना काय वाटेल, हा प्रश्न मागासलेपणाचा नाही. आणि देवनागरीची तर दैना आहे. ज्याला लिपी येत नाही तो कारागीर संगणकावरून उतरवतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार खाली घसरतो, जोडाक्षर मोडून मध्ये पाय मोडलेला उभा राहतो. चुकलेले पत्र फाडता येते. चुकलेला ‘आशीर्वाद’ जन्मभर अंगावर राहतो.

इथेच आपल्या पिढीला एक काम आहे असे मला वाटते. मुले आपल्याला विचारत नाहीत, कारण विचारले की आपण लग्नाचे आणि नोकरीचे काढतो हे त्यांना माहीत आहे. ती शंका अगदीच पोकळ नाही. दिसणारा टॅटू न चालणाऱ्या नोकऱ्या आहेत, हे एकदा सांगावे. पण एकदाच. त्यानंतर कागद मागून घ्यावा, चष्मा लावावा आणि वेलांट्या तपासाव्यात. कपाळावरची अक्षरे तपासायला त्या कैद्यांचे कुणी नव्हते. आजीला आत्या होत्या, पण त्या हात धरून ठेवायला होत्या. आपल्या मुलीने स्वतः ठरवले आहे; तिच्याबरोबर जाऊन नुसते शेजारी बसणारे कुणी असले, तर तेही गोंदणाच्या रीतीला धरूनच होईल.

त्या मुलीला मी पुढे एका दिवाळीत भेटलो तेव्हा अर्थ विचारला नाही. ‘‘भरायला त्रास झाला का फार?’’ एवढेच विचारले. तिने बाही आपण होऊन वर केली आणि वेल कशाची आहे ते सांगितले. ते इथे लिहीत नाही. तिने ते मला सांगितले होते.