मार्क्सचे हिंदुस्थानविषयक लेखन आणि मनमाडची साक्ष

कार्ल मार्क्स (१८१८–१८८३) याच्या हिंदुस्थानविषयक लेखनाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होत आली आहे. एका पक्षास त्यात इतिहासाचे अटळ नियम आढळतात. दुसऱ्यास केवळ युरोपीय अहंमन्यता दिसते. हे लेखन सिद्धांतग्रंथाच्या स्वरूपाचे नसून वृत्तपत्रासाठी केलेले आहे, याचे भान मात्र दोन्ही पक्षांस क्वचितच राहते. ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या अमेरिकन पत्रासाठी मार्क्सने लंडनहून १८५२ ते १८६२ या काळात जे लेख पाठविले, त्यांत ब्रिटिश पक्षराजकारण, क्रिमियाचे युद्ध, चीनमधील अफूचा व्यापार आणि हिंदुस्थान हे विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांपैकी हिंदुस्थानविषयक लेखांचे मोल ठरवावयाचे तर त्यांतील विधाने कोणत्या आधारावर उभी आहेत आणि प्रत्यक्ष भूमीवर ती कितपत टिकतात, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते. नाशिक जिल्हा या परीक्षेस विशेष अनुकूल आहे.

१८५३ साली कंपनीच्या सनदेची मुदत संपत आल्याने पार्लमेंटात हिंदुस्थानच्या कारभाराची चर्चा चालू होती. तिच्या निमित्ताने मार्क्सने लिहिलेल्या लेखांपैकी दोन प्रसिद्ध आहेत: २५ जून रोजी छापलेला ब्रिटिश अंमलासंबंधीचा आणि ८ ऑगस्ट रोजी छापलेला त्या अंमलाच्या भावी परिणामांसंबंधीचा. मार्क्सने हिंदुस्थान पाहिला नव्हता. पार्लमेंटचे अहवाल, समित्यांपुढील साक्षी, कँपबेल व चॅपमन यांच्यासारख्यांची पुस्तके आणि जुने प्रवासवृत्तांत ही त्याची साधने होती. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी जमविलेली माहिती राज्यकर्त्यांवरच उलटविणे, हे त्याच्या पद्धतीचे मर्म होय.

जेथे ही पद्धत नेमक्या आकड्यांवर चालते, तेथे त्याचे लेखन आजही प्रभावी वाटते. १८४८ च्या एका पार्लमेंटरी समितीपुढील साक्षीचा त्याने उपयोग केला आहे. खानदेशात धान्याचा भाव क्वार्टरला ६ ते ८ शिलिंग असताना पुण्यात तो ६४ ते ७० शिलिंगांवर गेला होता. तेथे माणसे रस्त्यावर उपासमारीने मरत होती आणि कच्च्या रस्त्यांमुळे खानदेशचे धान्य तेथवर पोहोचू शकत नव्हते. त्या वेळी नाशिक जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १८६९ साली अहमदनगर व खानदेश यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. मालेगाव व बागलाण हे तालुके पूर्वी खानदेशातच होते. म्हणजे मार्क्सचा हा दाखला अंशतः याच भूमीचा आहे. १८५७ च्या सप्टेंबरात शिपायांच्या क्रौर्याच्या वार्तांनी इंग्लंडमधील पत्रे भरून वाहत असता, महसूल वसुलीसाठी रयतेचा छळ होत असल्याचे पुरावे त्याने सरकारी अहवालांतूनच पुढे मांडले, यातही हाच गुण दिसतो.

परंतु गावगाड्याचा विषय येताच त्याची पद्धत शिथिल होते. स्वयंपूर्ण, एकाकी आणि शतकानुशतके न बदललेल्या खेड्याचे जे चित्र तो रेखाटतो, ते पार्लमेंटच्या १८१२ च्या पाचव्या अहवालातून घेतलेले आहे. येथे साधन उलटविले जात नाही; ते तसेच स्वीकारले जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचणाऱ्यास हे चित्र किती सपाट आहे ते सहज कळेल. हक्क, मानपान, वतनाचे तंटे आणि कुणब्यावर पडणारा बलुत्यांचा भार यांनी आत्र्यांचे खेडे सदैव खळबळत असते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर १९५६ साली मार्क्सचे हे विधान जसेच्या तसे स्वीकारण्यास नकार दिला. बहुतेक खेड्यांत मीठ व धातू निपजत नाहीत, ते बाहेरून विनिमयाने आणावे लागतात. अशा खेड्यास स्वयंपूर्ण कसे म्हणावे, हा त्यांचा आक्षेप मूलगामी आहे. कोसंबी स्वतः मार्क्सची पद्धत मानणारे होते, म्हणून या आक्षेपास अधिक वजन आहे. हातमागाचा नाश झाला हे मार्क्सचे निदान स्थूलमानाने खरे. तथापि उत्तरेकडील मोमीन विणकर १८५७ नंतर मालेगावी येऊन वसले व त्यांनी त्या गावास मागाचे गाव बनविले, हेही तितकेच खरे आहे.

खरी कसोटी लागते ती रेल्वेच्या भाकितावर. मार्क्सचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. गिरणीमालकांना रेल्वे हवी ती केवळ कापूस स्वस्तात बंदरावर आणण्यासाठी. पण ज्या देशात लोखंड व कोळसा आहे तेथे यंत्र एकदा आले की यंत्रोद्योग आपोआप वाढेल, ही पहिली पायरी. त्या उद्योगामुळे जातिव्यवस्थेचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी विरघळून जाईल, ही दुसरी. खेड्यातील कारागिरीवर रेल्वेचा काय परिणाम होईल हे सांगताना त्याने जॉन चॅपमनच्या कापूस व व्यापारविषयक ग्रंथाचा आधार घेतला आहे. हा चॅपमन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मूळ प्रवर्तकांपैकी एक होता. भांडवलदारीचा कठोर टीकाकार येथे कंपनीच्या प्रवर्तकाची आशाच आपल्या भाकिताच्या पायात घालतो, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्याच कंपनीचा लोहमार्ग १८६५ साली थळ घाट ओलांडून नाशिकच्या पठारास मुंबईशी जोडता झाला. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने दिलेली होती आणि इंजिने व यंत्रसामग्री मुख्यतः इंग्लंडहून येत होती; त्यामुळे रेल्वेतून स्थानिक उद्योग आपोआप उपजण्याची वाट अरुंदच राहिली. मुंबईच्या गिरण्यांनी पहिली पायरी काही अंशी खरी ठरविली, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या पायरीची साक्ष मात्र मनमाडला मिळते.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. भीमराव आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मण्य म्हणजे एखाद्या जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव, हेही स्पष्ट केले. त्यांनी मांडलेली वस्तुस्थिती अशी होती: अस्पृश्य मनुष्य रेल्वेत रुळांवरचा गँगमन म्हणून राहतो, पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, म्हणून ती जागाही त्यास मिळत नाही, आणि कापडगिरण्यांत विणाई खाते त्यास बंद असते. मार्क्सच्या लेखानंतर ८५ वर्षांनी, मार्क्सने ज्याच्या पुस्तकाचा आधार घेतला त्याच्याच कंपनीत, जात विरघळली नव्हती; ती नोकरीच्या पायऱ्यांत शिरली होती. याच जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) यांनी तोच प्रश्न आधीच पुढे ठेवला होता.

मार्क्सचे समर्थक येथे म्हणतील की, ब्रिटनमध्ये कामगारवर्ग सत्तेवर येईपर्यंत किंवा हिंदी लोक स्वतः परकी जू झुगारून देईपर्यंत नव्या समाजाची फळे मिळणार नाहीत, अशी अट त्याने घातलीच होती. ही अट त्याच्या राजकीय दृष्टीचे भूषण आहे, यात संशय नाही. पण ती फळांच्या उपभोगाविषयी आहे. जातीच्या विघटनाचे विधान तो उद्योगाचा सरळ परिणाम म्हणून करतो. तेथे अट नाही. जातीकडे केवळ श्रमाची विभागणी म्हणून पाहिल्याने ही चूक घडली. जात ही श्रमिकांचीच उतरंडीने केलेली विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ साली दाखविले, आणि उद्योग अशी विभागणी मोडण्याऐवजी वापरूनही घेऊ शकतो, हे मनमाडला दिसून आले.

तथापि मनमाडची साक्ष सर्वस्वी मार्क्सच्या विरुद्ध जात नाही. हजारो मैलांच्या लोहमार्गावर विखुरलेले गँगमन एका जंक्शनवर एकत्र येऊन आपल्या हक्कांची भाषा बोलू शकले, हे रेल्वेवाचून घडणे कठीण होते. रेल्वेने जात मोडली नाही. जातीविरुद्ध उभे राहण्याचे एक साधन मात्र दिले. ज्यास मार्क्स कारण समजला, ती केवळ एक अनुकूल परिस्थिती होती, असा निष्कर्ष येथे निघतो.

मार्क्स स्वतःही १८५३ वर थांबला नाही. १८८१ साली डॅनिएल्सनला लिहिलेल्या पत्रात हिंदी लोकांच्या उपयोगी न पडणाऱ्या रेल्वेचा नफा, निवृत्तिवेतने व इतर रूपांनी होणाऱ्या शोषणाचा हिशेब तो मांडतो. त्याच वर्षीच्या झासुलिचला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यांत सामुदायिक जमीनधारणेचा इंग्रजांनी केलेला नाश त्यास रानटीपणा वाटतो. १८५३ च्या लेखांतील आत्मविश्वास येथे उरलेला नाही. म्हणून या लेखांचा अभ्यास करताना त्यांतील वाक्ये प्रमाण मानण्यापेक्षा त्यांतील पद्धत उचलणे अधिक फलदायी ठरेल. सरकारी कागदांना उलटतपासणी करण्यास मार्क्सने शिकविले. तीच उलटतपासणी त्याच्या लेखांना लावली असता, गावगाडा व जात यांविषयीचे त्याचे म्हणणे टिकत नाही, आणि पुण्याच्या रस्त्यावर मरणाऱ्या माणसाविषयीचा त्याचा दाखला मात्र अभंग राहतो.