तुकोबांचा पूल आणि पलीकडचा काठ

रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांपाशी पोहोचलो. सज्जनहो, हे ऐकून आपल्यातल्या पुष्कळांना वाईट वाटते. आमच्या तुकोबांवर पाय देऊन हा पलीकडे गेला, असा त्याचा अर्थ लावतात. मला तसे वाटत नाही. पूल इकडून तिकडे जायला असतो, तसा तिकडून इकडे पाहायलाही असतो. टिळक गेले त्या काठावर कृपा, आज्ञापालन, दुःख आणि ऐहिक भरभराट यांविषयी काय शिकवतात, आणि ते आपल्या निरूपणाच्या कसोटीला कितपत उतरते, ते आज पाहू.

विषय हवेतून काढलेला नाही. मी रहाटणीत राहतो. पवनेकाठची ही शेतीची गावे आता इमारतींखाली गेली. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला मराठवाड्यातून, विदर्भातून, पार बिहारातून माणसे येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका गल्लीत संध्याकाळी हरिपाठ, दुसऱ्या गल्लीत रविवारी सकाळी प्रार्थनासभा. दोन्हीकडच्या बाया एकाच दुकानात पीठ दळायला येतात. मग मला कुणी तरी विचारते, "महाराज, त्यांच्याकडे गेलं की नोकरी लागते म्हणे, खरं का?" यावर नुसते "नाही" म्हणून भागत नाही, कारण "सप्ताहात अन्नदान केलं की धंद्याला बरकत येते" असे आपल्याकडेही सर्रास म्हणतात. दोन्ही वाक्यांचे मूळ एकच आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतात तयार, कवी, घरात कर्मठ ब्राह्मणी वळण. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातले ख्रिस्ताचे डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले आणि माउलीही म्हटले. हा 'माउली' शब्द कुठून आला, ते आळंदीच्या वाटेने चालणाऱ्याला सांगायला नको.

कृपेपासून सुरुवात करू. ख्रिस्ताने सांगितलेला द्राक्षमळ्याचा एक दृष्टान्त आहे. तो मला इतका आवडतो, की आपल्या एखाद्या संताला कसा सुचला नाही याचे नवल वाटते. मळ्याचा धनी पहाटे चौकात जातो आणि दिवसाच्या ठरलेल्या मजुरीवर माणसे आणतो. पुन्हा नऊच्या सुमारास, दुपारी, तिसऱ्या प्रहरी जातो आणि आणखी आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना त्याला काही जण अजून उभेच दिसतात. "का उभे?" तर म्हणे, "कुणी कामालाच नेलं नाही." त्यांनाही तो नेतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच पूर्ण मजुरी ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. धनी म्हणतो, तुमचे ठरलेले तुम्हाला मिळाले, मी माझे दिले तर तुमच्या डोळ्यांत का खुपते?

सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या, अकरा वाजून गेले तरी ठेकेदाराने न उचललेल्या माणसाचे तोंड ज्याने पाहिले आहे, त्याला या गोष्टीचा अर्थ समजावावा लागत नाही. कृपा म्हणजे पगार नव्हे. हजेरी मांडून ती वाटत नाहीत. आपल्या शास्त्रात यासाठी दोन न्याय आहेत. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते, तो मर्कटकिशोर न्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोर न्याय. रामानुजांच्या मागून त्यांच्या संप्रदायात यावर दोन पक्ष पडले. ख्रिस्ती लोकांतही पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिन आणि पेलागियस यांच्यात हाच वाद झाला. माणूस आपल्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो, हे पेलागियसचे म्हणणे. कृपेवाचून त्याला बोटही उचलता येत नाही, हे ऑगस्टिनचे. १५१७ नंतर ल्यूथरने तोच धागा पुन्हा ताणला आणि त्यांची मंडळी फुटली.

इथपर्यंत आपण बरोबर चालतो. पुढे माझा विरोध आहे, तोही मोकळेपणाने सांगतो. माणूस जन्मतःच पापात पडलेला आहे, हे ऑगस्टिनचे म्हणणे आपल्याला घेता येत नाही. जीव हा मूळचा परमात्म्याचाच अंश. मळ बसतो तो वरून. म्हणून ज्ञानोबांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. ज्याचे मूळच सडले आहे त्याच्यासाठी असे मागता आले नसते.

आता भरभराटीचा प्रश्न. बायबलात एकच आवाज नाही, हे आधी ध्यानात घ्या. जुन्या करारात अनुवादाचे पुस्तक आहे. त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात सरळ हिशेब मांडला आहे: आज्ञा पाळल्या तर कोठारे भरतील, गुरे वाढतील, पाऊस वेळेवर येईल, मोडल्या तर शापांची मोठी यादी. याच करारात ईयोबाचे पुस्तकही आहे. ईयोब नीतिमान, तरी त्याची गुरे जातात, मुले मरतात, अंगभर फोड उठतात. मित्र समाचाराला येतात आणि तोच हिशेब ऐकवतात: तू काहीतरी पाप केले असशील. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो. शेवटी देव प्रकट होतो आणि मित्रांनाच झापतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाशी भांडणारा खरा आणि देवाची वकिली करणारे खोटे! नामदेवांची, जनाईची देवाशी चाललेली भांडणे ज्याच्या कानांत आहेत त्या वारकऱ्याला हा ईयोब घरचाच वाटेल.

पण त्या पुस्तकाच्या शेवटाशी माझे जुळत नाही. देव ईयोबाला सगळे दुप्पट देतो. ७,००० मेंढरांची १४,००० होतात, ३,००० उंटांचे ६,०००. मुलेही पुन्हा दहा. उंटांचे ठीक आहे. मेलेल्या दहा मुलांच्या जागी दुसरी दहा आली म्हणजे हिशेब मिटला काय? इतका वेळ सावकारी मोडून काढली आणि शेवटच्या पानावर ती पुन्हा मागच्या दाराने आत घेतली, असे मला दर वेळी वाटते. आमच्या तुकोबांना कुणी दुप्पट दिले नाही. १६३० च्या दुष्काळात वाण्याचा धंदा बुडाला, थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. देहूच्या त्या घरात दुसरा संतू आला नाही. उलट जी कर्जखते उरली होती त्यांतला आपल्या वाट्याचा अर्धा भाग त्यांनी इंद्रायणीत टाकला. परमार्थाच्या आरंभी येणे सोडून देणारा हा सावकार विरळा.

विसाव्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स नावाचे एक प्रवचनकार होऊन गेले. देवाच्या कामाला पैसा द्या, ते बी आहे, अनेक पटींनी उगवून परत येईल, असे ते शिकवीत. त्यांच्या धर्मातल्याच अनेकांनी याला कडाडून विरोध केला आहे, हे सांगितले पाहिजे. अशा प्रचारावरून सगळ्या ख्रिस्ती लोकांना झोडपणे अन्यायाचे होईल. आणि आपल्या घरात काय आहे? सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद न घेता गेले की संकट येते, व्रत केले की धन परत मिळते. तुकोबांनी नवसाची चांगलीच हजेरी घेतली, तरी आज मंडपात देणगीच्या आकड्याप्रमाणे आशीर्वादाचा आवाज चढतो. बी पेरण्याची विद्या अमेरिकेहून आणावी लागली नाही.

मात्र मागणाऱ्याला हसू नका. गीतेत भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी त्यांना सर्वांत प्रिय, पण चौघांनाही त्यांनी उदार म्हटले. कायम नोकरीसाठी विठोबापुढे हात जोडणारा कंत्राटी पोरगा अर्थार्थी आहे. तो भक्तच आहे. त्याच्या मागण्याचा भाव ठरवून दुकान मांडतो, दोष त्याचा.

दुःखाच्या बाबतीत मला योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. जन्मांध माणूस पाहून शिष्य ख्रिस्ताला विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? ख्रिस्त म्हणतो, याचेही नाही, आईबापांचेही नाही. देवाची कामे याच्या ठायी दिसावीत म्हणून. उत्तराचा पहिला भाग सोन्याचा आहे. दुसऱ्या भागाने मी अडखळतो, कारण कुणाचे काम दिसावे म्हणून कुणी जन्मभर आंधळे का राहावे? पण ख्रिस्त नुसता बोलून थांबत नाही. माती कालवतो, त्या डोळ्यांना लावतो.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. प्रेस शॉपमध्ये त्याची तीन बोटे गेली. भेटायला आलेल्या एका भगताने त्याला सांगितले, "प्रारब्ध आहे बाबा, भोगून संपवायचं." मुलगा काही बोलला नाही. यंत्राचा सुरक्षेचा पडदा काढून ठेवला होता, हे त्याला ठाऊक होते. प्रारब्धाचा सिद्धान्त मी नाकारत नाही, जन्मभर त्यावर बोललो आहे. पण तो सिद्धान्त ज्याचा त्याने स्वतःला लावायचा आहे. दिवाळे निघाले हे बरेच झाले, असे तुकोबा म्हणाले ते आपल्या दिवाळ्याविषयी. शेजाऱ्याच्या दुष्काळाविषयी ते तसे बोलले नाहीत. ख्रिस्तानेही क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेतला. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून "ही तुझी कृपा" म्हणणारे उपदेशक दोन्ही काठांवर आहेत, आणि ईयोबाच्या मित्रांची गत त्यांनी वाचावी.

हाच दोष आज्ञापालनाच्या शिकवणीत लपून बसतो, आणि तो उघडा पाडणारे पुस्तक मराठीत एका ख्रिस्ती बाईने लिहिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. गेथशेमाने बागेत ख्रिस्त म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. हे आज्ञापालनाचे शिखर, आणि ते त्याने घाम गाळीत, स्वतःहून गाठले. टिळकही आपल्या देवाच्या आज्ञेत राहिले. हातात आलेला पैसा दारी आलेल्याला देऊन टाकीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मोठा माणूस. पण देवाच्या आज्ञेने नवरा रिकाम्या हाताने घरी येतो तेव्हा चूल कुणी पेटवायची, हे लक्ष्मीबाई लिहितात. रडून नव्हे, हसून लिहितात.

नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. पाच वर्षे थांबल्या. त्यातला काही काळ नातलगांकडे पंढरपुरात काढला. जातीपातीचा, सोवळ्याओवळ्याचा त्यांनी स्वतः विचार केला, भेद देवाने केले की माणसांनी, हे स्वतःला विचारले, आणि आपल्या मनाने उत्तर आल्यावर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या ज्या काठाला गेल्या तो माझा नाही. तरी हे आज्ञापालन मला खरे वाटते, कारण ते कुणी लादलेले नव्हते. आपल्या बहिणाबाईंचे आठवा. ब्राह्मणाची बायको तुकोबांना गुरू मानते म्हणून नवऱ्याने मारले, बांधून घातले. त्यांनी गुरू सोडला नाही आणि नवराही सोडला नाही. दोघींनी पतीची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांतले अंतर मोजून पाहिले, आणि ते मोजणे लिहून ठेवले.

जिजाईने लिहिले नाही. म्हणून तिच्यावर आपण हसतो. तुकोबांची धाकटी बायको, पुण्याच्या गुळव्यांची लेक, कीर्तनात आली की ठराविक नक्कल होते: कर्कशा, विठोबाला शिव्या देणारी, संताला न ओळखणारी. मंडप हशाने भरतो. भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढणारी तीच होती, हे ओघात सांगून पुढे जातात. दुष्काळातून वाचलेले घर, नवरा डोंगरावर, पोरे पायाशी. तिने देवाला विचारले ते ईयोबाने विचारले त्याहून वेगळे नव्हते. ईयोबाला देवाने खरे ठरवले. जिजाईला आपण अजून ठरवलेले नाही. लक्ष्मीबाईंनी जे सांगितले ते जिजाईच्या तोंडी घालून पाहा, एकही शब्द बदलावा लागणार नाही.

तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा ती गरोदर होती. त्या पोटी नारायणबाबा जन्मले आणि १६८५ मध्ये त्यांनी पालखी सुरू केली. आषाढीला आकुर्डीच्या मुक्कामाला आपण लोटतो ती हीच. पुढच्या सप्ताहात भंडाऱ्याचा प्रसंग घेणाऱ्या तरुण महाराजांनी त्याआधी 'स्मृतिचित्रे' एकदा वाचून घ्यावीत.